कुठल्या पानावर? : आधुनिक कादंबरी आणि विद्यार्थ्याची पहिली प्रतिक्रिया



आज मी एका वाक्याबद्दल बोलणार आहे. बी. ए. किंवा एम. ए.च्या वर्गाला नेमलेली आधुनिक मराठी कादंबरी वाचून संपते, विद्यार्थी पुस्तक मिटतो आणि त्याच्या तोंडून जे पहिले वाक्य निघते, ते वाक्य. ‘कळली नाही.’ ‘फार बोअर झाली.’ ‘नायकाचा राग आला.’ ‘हे तर आमच्याच घरचे आहे.’ हे वाक्य प्रश्नपत्रिकेच्या कामाचे नसते. त्याला गुण नसतात, म्हणून वर्गात त्याला जागाही नसते. दोन दिवसांत त्या जागी गाईडमधला परिच्छेद येतो, ‘प्रस्तुत कादंबरीत लेखकाने मानवी जीवनाचे विदारक दर्शन घडवले आहे’ अशा धाटणीचा. हा परिच्छेद कोणत्याही कादंबरीला लागू पडतो, आणि त्याचा दोष नेमका तोच आहे. माझे म्हणणे असे की ते पहिले, ओबडधोबड वाक्य ही एक जबानी आहे. जबानी म्हणजे निकाल नव्हे. तिची उलटतपासणी व्हायला हवी आणि तिला पुरावा लागतो. पण साक्षीदारालाच कोर्टाबाहेर काढून चालवलेल्या खटल्याला आपण न्याय म्हणत नाही. साहित्याच्या अभ्यासात मात्र आपण बहुतेक वेळा हेच करतो.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९४१ साली मराठी साहित्य संमेलन याच सोलापुरात भरले होते आणि वि. स. खांडेकर त्याचे अध्यक्ष होते. मराठी तरुण वाचकावर त्या काळी खांडेकरांचा केवढा प्रभाव होता, हे वेगळे सांगायला नको. त्यांची कादंबरी वाचकाशी एक करार करीत असे. ध्येयाची ओढ, मोहाची ओढ, त्यातला झगडा आणि शेवटी हाती लागणारा अर्थ, असा तो करार होता. १९५९च्या ‘ययाति’मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून बोलतात, रचना गुंतागुंतीची आहे, तरीही ययातीला शेवटी काहीतरी उमगते आणि त्याच्यासोबत वाचकालाही. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली आणि संदेश हे प्रश्नपत्रिकेतले कप्पे अशा कादंबरीला बऱ्यापैकी बसतात. मग अवघ्या चार वर्षांनी, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि तिने तो करार मोडला. कादंबरी बदलली, पण प्रश्नपत्रिकेचे कप्पे तेच राहिले. विद्यार्थ्याला ‘कळली नाही’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा त्याला कादंबरी कळलेली असते; जुने कप्पे तिला लागत नाहीत, हे त्याला जाणवलेले असते. पण ते कसे म्हणावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

‘कोसला’चेच उदाहरण नीट पाहू, कारण नेमल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत तिच्याविषयी विद्यार्थी सर्वांत परस्परविरोधी बोलतात. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, परीक्षांत घसरतो आणि शेवटी गावी परततो. मधल्या काळात त्याची धाकटी बहीण मरते. एवढ्या ऐवजावर जुन्या पद्धतीचा कादंबरीकार तीन प्रसंग उंचावून उभे करील. इथे मात्र मेसमधला हिशेब, खोलीतल्या गप्पा, रस्त्यावरचे भटकणे यांना जेवढी जागा मिळते, तेवढीच मोठ्या घटनांनाही मिळते. कुठे रोजनिशी येते, कुठे इतिहासलेखनाची नक्कल येते. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द इतक्यांदा येतात की वाचणाऱ्याला ते बोचू लागतात. आता एखादी विद्यार्थिनी म्हणाली, ‘मधला भाग कंटाळवाणा आहे’, तर गाईड तिला सांगते की तसे म्हणू नये, ही युगप्रवर्तक कादंबरी आहे. शिक्षकाने मात्र विचारावे, ‘कंटाळा कुठल्या पानावर सुरू झाला?’ मग ती पान शोधते. त्या पानावर काय आहे? एकामागून एक सारख्याच वजनाच्या गोष्टी आहेत. कोणतीही गोष्ट दुसरीहून महत्त्वाची आहे असे निवेदक म्हणतच नाही. एखादे भारदस्त विधान उभे राहू लागले की त्याच्या शेपटीला ‘वगैरे’ लागतो आणि हवा निघून जाते. म्हणजे तिचा कंटाळा हवेतून आलेला नाही, तो वाक्यरचनेतून आला आहे. आणि ज्या तरुणाला कशातच फरक वाटेनासा झाला आहे, त्याचे जगणे सांगायचे तर भाषा अशीच सपाट व्हायला हवी. बहिणीच्या मृत्यूच्या पानांवर तो सपाटपणा टिकत नाही, हेही त्याच विद्यार्थिनीच्या लक्षात येईल, कारण तिचा कंटाळा नेमका तिथे तुटलेला असेल. ‘कंटाळा आला’ या तक्रारीतून आपण कादंबरीच्या शैलीपर्यंत पोचलो. युगप्रवर्तक या विशेषणातून कुठेही पोचता येत नाही.

रागाचेही तसेच आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी बोट, बोटीवर नाझी जर्मनीतून निघालेले ज्यू निर्वासित, त्यांतली हेर्टा आणि तिच्या प्रेमाला पुरता न उतरलेला चक्रधर विध्वंस. हेर्टा अखेर समुद्रात जीव देते. ‘चक्रधरचा राग आला’ अशी प्रतिक्रिया बालिश समजून बाजूला सारली जाते. नायकाच्या वागण्यावर भाबडा नैतिक शेरा मारणे म्हणजे समीक्षा नव्हे, असे आपण शिकवतो. पण ही गोष्ट चक्रधर स्वतःच सांगतो आहे. तो सांगत असताना आपल्याला त्याचा राग येतो, याचा अर्थ त्याच्याच शब्दांत त्याच्याविरुद्धचा पुरावा गोळा झालेला आहे. तो कुठे गोळा झाला, किती जाणूनबुजून त्याने तो आपल्या हाती दिला, हा निवेदनतंत्राचा प्रश्न आहे आणि तो विचारायला राग ही उत्तम जागा आहे. ज्याला राग आलाच नाही, त्याला हा प्रश्न सुचणार नाही. तो ‘प्रथमपुरुषी निवेदन’ असा शब्द पाठ करील आणि त्या निवेदनाचे काम काय, हे त्याला कळणार नाही.

याला पहिला आक्षेप असा घेतला जातो, आणि तो हलका नाही: ‘अशाने ज्याला जे वाटेल ते खरे ठरेल.’ या आक्षेपाच्या पाठीशी आय. ए. रिचर्ड्स यांचे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे १९२९चे पुस्तक उभे करता येते. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी लिहून दिलेल्या प्रतिक्रिया तपासल्या. पुस्तकात अशा १३ कविता आहेत. निष्पन्न झाले ते धक्कादायक होते. इंग्रजी साहित्य शिकणारी ही निवडक मुले साधा अर्थ चुकवत होती, थोर कवींना झिडकारत होती आणि सुमार कवितांवर भाळत होती. पुढे १९४९ साली विम्सॅट आणि बीअर्डस्ली या समीक्षकांनी तर वाचकावर होणाऱ्या परिणामावरून कृती जोखणे हा तर्कदोषच ठरवला. तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रतिक्रियेवर विसंबू नये, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. पण रिचर्ड्स यांनी नोंदवलेल्या अडचणी बारकाईने पाहिल्या तर निराळेच दिसते. काही जण कवितेला सोडून स्वतःच्या आठवणीत वाहून गेले होते, हे खरे. पण काही जणांनी मनात आधीपासून तयार असलेली, साच्यातली प्रतिक्रिया कवितेवर ठेवून दिली होती. चंद्र आला की हळवे व्हायचे, मृत्यू आला की गंभीर व्हायचे, अशी ती प्रतिक्रिया. ती त्यांची नव्हतीच, उसनी होती. म्हणजे वाचन बिघडते ते एकाच कारणाने नाही. स्वतःत फार बुडालेला वाचक बिघडतो आणि स्वतःला गैरहजर ठेवणारा वाचकही बिघडतो. गाईड पहिल्या दोषावर उपाय म्हणून दुसरा दोष देते. शिवाय रिचर्ड्स यांनी या प्रतिक्रिया फेकून दिल्या नाहीत; त्यांतल्या चुका हाच त्यांच्या पुस्तकाचा कच्चा माल झाला. विद्यार्थ्याने लिहिलेच नसते, तर कुठे चुकते ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो आणि तो अधिक खोल आहे. रसानुभव म्हणजे ‘मी’ आणि ‘माझे’ यांच्या पलीकडे जाणे. साधारणीकरणात व्यक्तिगत काही उरत नाही. मग ‘मला काय वाटले’ याचा उदो-उदो कशाला? साधारण हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावरील टीकेत रसाच्या वाटेवरची सात विघ्ने सांगितली आहेत आणि प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून बसणे हे त्यांपैकी एक आहे. आक्षेपकाला हा मोठाच आधार वाटेल. मला तो माझ्या बाजूचा वाटतो. कारण अभिनवगुप्त विघ्न आहे असे सांगून थांबत नाहीत, त्यावरचे उपायही सांगतात: नाट्यातले संगीत, मंडप, सजावट ही प्रेक्षकाला त्याच्या गुरफटलेपणातून हळूहळू बाहेर काढण्यासाठीच असतात. म्हणजे प्रेक्षक घरून काहीतरी मनात घेऊन येतो, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. सहृदय कोरा नसतो. काव्याच्या सततच्या अभ्यासाने त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ होत गेलेला असतो, अशी त्यांची कल्पना आहे. आरसा पुसायचा तर डाग कुठे आहे ते आधी दिसले पाहिजे. विद्यार्थ्याची पहिली प्रतिक्रिया तो डाग दाखवते. ती दडपली तर डाग तसाच राहतो आणि वर गाईडचा रंगीत कागद चिकटतो.

आता मी एक अशी कादंबरी पुढे ठेवतो, जिच्याबद्दल सोलापूरकर वाचकाची प्रतिक्रिया इतर कोणाहून वेगळी असणे अटळ आहे. विभावरी शिरूरकरांची, म्हणजे मालतीबाई बेडेकरांची ‘बळी’, १९५०ची. १८७१च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि त्यांतल्या माणसांना तारेच्या कुंपणात, हजेरीच्या धाकात राहावे लागले. अशी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मालतीबाईंनी इथे सरकारी नोकरी केली आणि तो अनुभव त्या कादंबरीच्या मुळाशी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही या शहराच्या पत्त्यांत आहे. ‘बळी’ वाचणारा एखादा विद्यार्थी त्याच वस्तीतला असेल, दुसरा सात रस्ता परिसरातला असेल, तिसरी मुलगी मंगळवेढ्याहून एसटीने येत असेल. पहिला म्हणेल, ‘आमचे आजोबा असे नव्हते.’ दुसरा म्हणेल, ‘आपल्या गावात हे होते, हे मला माहीतच नव्हते.’ तिसरी म्हणेल, ‘फार वाईट वाटले.’ गाईड तिघांकडूनही ‘उपेक्षितांच्या वेदनेचे प्रभावी चित्रण’ हे एकच उत्तर लिहून घेईल. पण पहिल्याच्या आक्षेपात केवढा मोठा प्रश्न दडला आहे, पाहा. लिहिणारी बाई अधिकारी म्हणून कुंपणाच्या आत आली होती, आणि तिला बाहेर जाता येत होते. ही कादंबरी कुंपणाच्या कोणत्या बाजूने पाहते? कोणत्या पानावर ती आतली होते, कोणत्या पानावर बाहेरची राहते? दुसऱ्याच्या आश्चर्यातून शहराच्या विस्मरणाचा प्रश्न निघतो. तिसरीच्या हळहळीला विचारावे लागेल की दया वाटणे आणि समजणे यांत कादंबरी फरक करते का. तिन्ही प्रश्न वाङ्मयीन आहेत. ते तिघांच्या तीन जागांमधून आले, एवढ्याने ते खासगी ठरत नाहीत.

प्रतिक्रिया पानाला धरून राहिली नाही तर काय होते, याचे उदाहरणही याच लेखिकेच्या बाबतीत मिळते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह टोपणनावाने प्रसिद्ध झाला, आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातले तिथे उघड आल्याने मोठे वादळ उठले. वादळ उठले ते बरेचसे ‘ही विभावरी शिरूरकर कोण?’ या प्रश्नाभोवती. राग खरा होता, पण तो पुस्तकाकडे परतलाच नाही, लेखिकेच्या शोधात निघून गेला. या कथांतल्या कोणत्या वाक्याने आपल्याला एवढे अस्वस्थ केले, हे त्या वाचकांनी स्वतःला विचारले असते, तर मध्यमवर्गीय मराठी घराबद्दल त्यांच्या हाती बरेच काही लागले असते. म्हणून माझा आग्रह प्रतिक्रियेच्या केवळ स्वातंत्र्याचा नाही. ती पानापर्यंत परत आलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. ‘मला असे वाटले’ हे वाक्य खासगी असते. ‘या पानावर, या शब्दामुळे मला असे वाटले’ हे वाक्य सार्वजनिक होते, कारण आता दुसरा माणूस तेच पान उघडून म्हणू शकतो की मला तसे वाटत नाही. तिथून वाद सुरू होतो आणि वाद सुरू झाला की समीक्षा सुरू होते.

तादात्म्याची प्रतिक्रिया सर्वांत फसवी, कारण ती सर्वांत प्रामाणिक असते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून-सवरून नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ, त्याचे घर आणि आतबट्ट्याची शेती हा तिचा गाभा. सांगोला, करमाळा, माढा या भागांतून आलेला मुलगा ती वाचून म्हणतो, ‘हे आमच्याच घरचे आहे.’ या वाक्याचा मान राखला पाहिजे. पुस्तकात आपले घर दिसणे ही कितीतरी मुलांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडणारी गोष्ट असते. पण तिथेच थांबले तर कादंबरी आरसा होऊन राहते, खिडकी होत नाही. त्याला विचारावे, ‘कुठे जुळत नाही?’ एकनाथ विदर्भातला आहे. त्याची जमीन, त्याचे पीक, घरातले बोलणे आपल्याकडच्यासारखे नाही. आपल्या आईने जिथे वेगळे उत्तर दिले असते, तिथे त्या कादंबरीतली बाई असे का बोलते? या ‘न जुळण्या’तून लेखकाची निवड दिसू लागते, आणि लेखकाने निवड केली आहे हे दिसणे म्हणजेच कादंबरीला कादंबरी म्हणून ओळखणे. उलट जो म्हणतो, ‘याचा आमच्याशी काही संबंध नाही’, त्याला विचारावे, ‘कुठे जुळते?’ वर्गातली ही दोन मुले समोरासमोर बसली, तर शिक्षकाला फार बोलावे लागत नाही.

सोलापुरात याला भाषेचा आणखी एक पदर आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, पुष्कळ लिंगायत घरांत कन्नड, मुस्लिम मोहल्ल्यांत दख्खनी, आणि कॉलेजात प्रमाण मराठी. अशा मुलीला ‘कोसला’तली खानदेशी वळणे अडतात तेव्हा तिची ‘कळली नाही’ ही तक्रार शब्दशः खरी असते. पण दोन-तीन भाषांत वाढलेल्या कानाला बोलण्याचा स्वर बदललेला लवकर ऐकू येतो. आईशी एक भाषा, शिक्षकांशी दुसरी, बाजारात तिसरी, हे ती रोज करते. आधुनिक कादंबरीत निवेदकाची भाषा आणि पात्रांची भाषा यांच्यात जी ओढाताण असते, ती या मुलीला सिद्धान्ताच्या पुस्तकातून शिकवावी लागत नाही. तिला फक्त सांगावे लागते की तुला जे अडले, तेच लिही. अडलेले शब्द म्हणजे तुझी उणीव नाही, कादंबरीने तिथे काहीतरी केले आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना गुण हवेत, ठाम उत्तर हवे. ‘तुला काय वाटते’ हा खेळ ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांना परवडतो, असे अनेक कळकळीचे शिक्षक म्हणतात. या म्हणण्यातली काळजी मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. तयार उत्तर पाठ करण्याच्या शर्यतीत ज्याच्या घरी ती भाषा आधीच बोलली जाते, तोच पुढे राहणार. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे जे इतरांकडे नाही, ते म्हणजे त्याचे जगणे. यंत्रमागाच्या आवाजात अभ्यास करणे त्याला ठाऊक आहे, विडीच्या पानांचा वास त्याला ठाऊक आहे, सालाने जमीन कसणे त्याला ठाऊक आहे. साठोत्तरी मराठी कादंबरी याच जगण्याकडे वळली आणि आपण मात्र त्यालाच सांगतो की तुझे जगणे बाहेर ठेव. माहिती नको असे मी अजिबात म्हणत नाही. १८७१चा कायदा माहीत नसेल तर ‘बळी’ अर्धीच कळेल. खांडेकर वाचले नसतील तर ‘कोसला’ने काय मोडले ते दिसणार नाही. फक्त क्रम बदलावा. आधी वाचन, मग विद्यार्थ्याची चार प्रामाणिक वाक्ये, मग पान, आणि त्यानंतर इतिहास, समीक्षा, सिद्धान्त. प्रश्न पडलेल्या माणसाच्या हातात माहिती पडली की ती टिकते.

यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा अभ्यासक्रमही लागत नाही. गाईड उघडण्याआधी वहीचे एक पान विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाक्यांसाठी राखून ठेवता येईल. सत्रातले दोन तास ती वाक्ये मोठ्याने वाचून एकमेकांची उलटतपासणी करण्यासाठी देता येतील. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा घालता येईल, ज्याचे उत्तर कादंबरी न वाचता लिहिताच येणार नाही: तुम्ही कुठे अडलात आणि त्या जागी कादंबरीत काय घडते आहे? तपासणाऱ्याला थोडे अधिक कष्ट पडतील. पण शंभर उत्तरपत्रिकांत एकच परिच्छेद शंभरदा वाचण्याचे कष्ट तो आजही घेतोच आहे.

उद्या वर्गात कोणीतरी मागच्या बाकावरून, थोडे घाबरत म्हणेल, ‘सर, नाही आवडली.’ त्या वाक्यासाठी त्याने पुस्तक खरोखर वाचलेले असेल, आणि वर्गासमोर खरे बोलण्याचे धाडस केलेले असेल. त्याला गप्प करू नका आणि त्याची पाठही थोपटू नका. पुस्तक त्याच्या हातात द्या आणि विचारा, ‘कुठल्या पानावर?’ आणि तो पान शोधत असताना, कितीही वेळ लागला तरी, थांबा.